न बोललेल्याचा आवाज : जपानी ‘चेरी मॅजिक’ आणि तिचा थाई अवतार

रब्बीच्या दिवसांत आमच्याकडे शेतीपंपाची लाईन कित्येकदा रात्रीचीच असते, आणि हरभऱ्याला घाटे धरू लागले की रानडुकरांसाठी जागलीलाही जावेच लागते. स्प्रिंकलरचे पाइप दर तीन तासांनी पुढे सरकवायचे आणि मधल्या वेळेत धुऱ्यावरच्या खोपडीत बसून राहायचे, असा हा क्रम असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शिवारात, त्या मधल्या वेळेत, कानात इअरफोन घालून मी गेल्या दोन हिवाळ्यांत या दोन मालिका पाहिल्या. एक जपानी, टीव्ही तोक्यो या वाहिनीने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या काळात दाखवलेली. दुसरी त्याच कथेवर थायलंडमध्ये नव्याने केलेली, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली. दोन्हींचे नाव ‘चेरी मॅजिक’ आणि दोन्हींचे भाग बारा. दोन्ही मी दोनदा पाहिल्या, आणि दुसऱ्यांदा पाहताना जे जाणवले ते लिहून ठेवावे, असे वाटले.

मूळ कथा तोयोता यू यांच्या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची आहे. तिच्या लांबलचक नावाचा अर्थ साधारण असा होतो : तिसाव्या वर्षापर्यंत ब्रह्मचारी राहिलेला पुरुष जादूगार होतो म्हणे. आदाची नावाचा एक साधा, स्वतःला कमी लेखणारा कारकून तिसाव्या वाढदिवसाला जागा होतो, आणि ज्याला त्याचा स्पर्श होईल त्याच्या मनातले त्याला ऐकू येऊ लागते. त्याच दिवशी कार्यालयाच्या गच्च भरलेल्या लिफ्टमध्ये तो कुरोसावाला चिकटून उभा राहतो. कुरोसावा हा विक्री विभागातला सर्वांत यशस्वी, देखणा, सगळ्यांना हवाहवासा वाटणारा सहकारी. त्याच्या मनातला आवाज ऐकून आदाचीला कळते की हा माणूस आपल्यावर प्रेम करतो, आणि पुढे हेही कळते की तो सात वर्षे गप्प राहून प्रेम करत आला आहे.

तिशीपर्यंत लग्न न झालेला पुरुष ही आमच्या भागात कथेची कल्पना राहिलेली नाही. कोरडवाहू शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही, आणि गावोगाव तिशी ओलांडलेली, पस्तिशीकडे चाललेली मुले आई-बापाच्या घरात नुसती वयाने वाढत आहेत. मी त्यांच्यातलाच एक आहे. माझे लग्न का झाले नाही, याचे कारण गावाला शेतीतच दिसते. ते तसेच दिसू द्यावे, असे मी बऱ्याच वर्षांपूर्वी ठरवले आहे. त्यामुळे या कथेकडे मी परक्या माणसाच्या नजरेने पाहू शकलो नाही, आणि तसे पाहावे असे मला वाटतही नाही.

जपानी मालिकेचा एक भाग चोवीस-पंचवीस मिनिटांचा आहे, थाई मालिकेचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. केवळ एवढ्या एका फरकाने कथेचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. जपानी मालिकेचे मुख्य दिग्दर्शक काझामा हिरोकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक भाग एकाच प्रसंगाभोवती गुंडाळला आहे. शेवटची गाडी चुकल्यामुळे आदाची कुरोसावाच्या घरी मुक्काम करतो, एवढ्या गोष्टीवर एक रात्र आणि एक सकाळ उभी राहते. अंगात कुरोसावाचे कपडे घालून आदाची अवघडून बसलेला असतो, समोर कुरोसावा चेहऱ्यावरची रेषही न हलवता सभ्यपणे बोलत असतो, आणि त्याच्या मनात मात्र आनंदाचा कल्लोळ चाललेला असतो. माचिदा केइता या नटाने हा शांत चेहरा आणि आतला कल्लोळ असे दोन्ही एकाच माणसाचे वाटावेत, इतक्या नेमकेपणाने सांभाळले आहे. आकासो एइजीचा आदाची त्याहून अवघड आहे, कारण त्याला बहुतेक वेळ नुसते ऐकायचे आहे. ऐकताना माणसाचा चेहरा कसा बदलतो, आधी भीती, मग अविश्वास, मग ‘हे माझ्याविषयी असूच शकत नाही’ हा भाव, आणि अगदी उशिरा, हळूहळू, थोडासा आनंद, हे त्याने बारा भागांत पायरी पायरीने दाखवले आहे.

कार्यालयाच्या मेजवानीतला एक खेळ आहे, ज्यात राजा झालेला माणूस सांगेल ते इतरांना करावे लागते. कुरोसावाला आदाचीचे चुंबन घ्यायला सांगितले जाते. आदाची घाबरलेला आहे हे कुरोसावाच्या लक्षात येते, आणि तो फक्त त्याच्या कपाळाला ओठ लावून बाजूला होतो. नंतर गच्चीवर आदाची त्याला सांगतो की ते मला नकोसे वाटले नाही. या एका वाक्यासाठी संपूर्ण भाग थांबलेला असतो, आणि ‘आवडले’ असे न म्हणता ‘नकोसे वाटले नाही’ एवढेच म्हणणाऱ्या माणसाची सगळी भीती त्या नकारार्थी रचनेत बसलेली असते. आमच्या भागातला माणूसही असाच बोलतो. जेवण आवडले का, असे विचारले तर ‘वाईट नाही’ म्हणतो, आणि ते त्याचे सर्वांत मोठे कौतुक असते.

सातव्या भागात कथा पहिल्यांदा कुरोसावाच्या बाजूने सांगितली जाते. सुंदर दिसण्यामुळे लोक आपल्यात दुसरे काही पाहतच नाहीत, हे त्याचे दुःख त्यात कळते. आणि एका वाईट रात्री, दारूने बेजार झालेला असताना, आदाचीने त्याला सांभाळले आणि त्याची दुर्बळ बाजू पाहूनही मान खाली घालायला लावले नाही, तेव्हापासून हे प्रेम आहे, हेही कळते. मला हा बारा भागांतला सर्वांत चांगला भाग वाटतो. प्रेम सौंदर्यामुळे जडत नाही, कोणीतरी आपल्याला पडलेले पाहिले आणि नजर वळवली नाही म्हणून जडते, एवढेच तो सांगतो आणि थांबतो.

आता थाई मालिकेकडे येतो. तिच्यात आदाचीचा आची झाला आहे आणि कुरोसावाचा करण. करणची भूमिका ताय तवन याने केली आहे आणि आचीची न्यू थितिपूम याने. या दोघांची जोडी थाई प्रेक्षकांना २०१९ च्या ‘डार्क ब्लू किस’ च्याही आधीपासून ठाऊक आहे. थायलंडमध्ये अशा मालिकांसाठी नटांच्या ठरलेल्या जोड्या असतात; जोडीचे चाहते असतात, जोडीचे कार्यक्रम असतात, आणि कथा बदलली तरी जोडी तीच राहते. जपानी मालिकेत तसे काही नव्हते. याचा परिणाम पहिल्याच भागात दिसतो. ज्या दोन माणसांना एकमेकांच्या अंगाची ओळख नाही, त्यांचा लिफ्टमधला अपघाती स्पर्श ही या कथेची कळ आहे. आणि ताय व न्यू यांची एकमेकांशी असलेली सवय, ती सहजता, त्यांनी कितीही प्रयत्न केला तरी लपत नाही. नवखेपण हे अभिनयाने आणता येते, पण वर्षानुवर्षांची ओळख तितक्या सहज पुसता येत नाही. प्रेमाची कबुली झाल्यानंतरच्या भागांत मात्र हीच सवय त्यांच्या कामी येते. एकत्र स्वयंपाक करणे, रुसणे, थकून एकमेकांना टेकून बसणे, या प्रसंगांत ते दोघे जपानी जोडीपेक्षा मला अधिक खरे वाटले. आकासो आणि माचिदा प्रेमात पडतात ते अतिशय सुंदर पडतात. पण नांदताना पाहावेत ते ताय आणि न्यू.

तरीही मूळ मालिकाच सरस आहे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण नटांपेक्षा खोल आहे. मनातले ऐकू येण्याची ही युक्ती जिथे दोन गोष्टींची टंचाई आहे तिथेच चालते. एक स्पर्शाची, दुसरी बोलण्याची. जपानी मालिकेतले जग असे आहे की त्यात सहकाऱ्याच्या बोटाला बोट लागणे हीच घटना असते, आणि मनातले बोलणे हे जवळजवळ अशिष्ट समजले जाते. अशा जगात एका माणसाला दुसऱ्याचे मन ऐकू आले तर तो चमत्कारच होतो. त्यात ही मालिका २०२० च्या शेवटी आली, जेव्हा सगळे जग स्पर्शाला घाबरत होते आणि आम्हीही गावात एकमेकांपासून लांब उभे राहायला शिकलो होतो. थाई मालिकेतली माणसे मोकळी आहेत. करण मनात जे म्हणतो ते त्याच्या डोळ्यांत, हसण्यात, वागण्यात आधीच सांडलेले असते. मग आचीला ते ऐकू आले तरी प्रेक्षकाला नवे काही मिळत नाही. चमत्काराची गंमत होते, आणि गंमत दुप्पट लांबीच्या भागांत पुरत नाही, म्हणून मध्ये मध्ये विनोदाचे आवाज आणि उड्या मारणारी दृश्ये घालावी लागतात.

आमच्याकडची गोष्ट या दोन्हींहून वेगळी आहे. आमच्याकडे स्पर्शाची टंचाई नाही. बाजाराच्या दिवशी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये माणसे एकमेकांच्या मांडीवर बसून येतात, दोस्त खांद्यावर हात टाकून गावभर फिरतात, पोळ्याच्या दिवशी बैल सजवताना चार जणांचे हात एकाच शिंगावर असतात. टंचाई आहे ती बोलण्याची. कापसाचा भाव, पाणी, लाईन, कर्ज, या विषयांवर रात्र सरते, पण ‘तू आलास म्हणून बरे वाटले’ हे वाक्य मी माझ्या आयुष्यात एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला म्हटलेले ऐकलेले नाही. मला स्वतःला ते एका माणसाला म्हणायचे होते. तो मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करायला मदतीला आला होता, दोघांच्या हातांना तेच काळे ग्रीस लागले होते, आणि मी त्याला एवढेच म्हटले की चहा घेऊन जाय गा. म्हणून आदाचीच्या हातून कुरोसावाच्या मनातला आवाज ऐकताना, ती कथा तोक्योतल्या एका कार्यालयाची असूनही, ती मला ओळखीच्या शिवारातली वाटली.

थाई मालिकेत चुंबने आहेत आणि ती उघडपणे, पुरेशा वेळाने, संकोच न करता दाखवलेली आहेत. जपानी मालिकेत शेवटच्या भागात ते दोघे पुन्हा लिफ्टमध्ये उभे असतात, जवळ येतात, आणि लिफ्टचे दार मिटते. अनेक प्रेक्षकांना ही फसवणूक वाटली. पहिल्यांदा पाहताना मलाही चुटपुट लागली होती. दुसऱ्यांदा पाहताना मात्र लक्षात आले की कथा ज्या लिफ्टमध्ये सुरू झाली, त्याच लिफ्टमध्ये ती संपते. सुरुवातीला प्रेक्षकाला कुरोसावाच्या मनातलेही ऐकू येत होते, आणि शेवटी त्या दोघांचे जे आहे ते त्यांचेच राहू दिले आहे. तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत दार असे मिटले असते का, हा प्रश्न रास्त आहे, आणि थाई मालिकेने त्याला दिलेले उत्तर अधिक धीट आहे.

थाई मालिकेच्या या धिटाईमागे एक समाज आहे. थायलंडमध्ये अशा मालिकांना ‘वाय’ मालिका म्हणतात. हे अक्षर पुरुषांमधल्या प्रेमकथांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘याओई’ या जपानी शब्दावरून आले आहे. म्हणजे प्रकार जपानी चित्रकथांतून तिकडे गेला, तिथे २०१४ च्या ‘लव्ह सिक’ पासून दूरचित्रवाणीवर रुजला, आणि इतका फोफावला की आता उलटा प्रवास सुरू आहे. २०२२ ची ‘लव्ह इन द एअर’ ही थाई मालिका नंतर जपानमध्ये नव्याने केली गेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत थाई ‘चेरी मॅजिक’ सुरू झाली. तो निकाल मी मोबाइलवर ऐकला तेव्हा आमच्याकडे कापूस वेचणी चालू होती. थायलंडमध्ये अशा विवाहांचा कायदा २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. जपानमध्ये अजून असा कायदा नाही, जरी तिथल्या अनेक न्यायालयांनी त्याच्या बाजूने निकाल दिलेले आहेत. हे ठाऊक असले की दोन मालिकांतल्या पात्रांची देहबोली वेगळी का आहे, हे समजते. एका ठिकाणी दोघे भविष्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, दुसऱ्या ठिकाणी आणत नाहीत. घरच्यांना सांगण्याचा प्रश्न जपानी निर्मात्यांनी मालिकेत पुढे ढकलला आणि एप्रिल २०२२ च्या चित्रपटात हाताळला. त्यात आदाचीची बदली नागासाकीला होते, दोघांमध्ये अंतर पडते, आणि मग आई-वडिलांसमोर जाऊन बसण्याची वेळ येते. ज्यांना मालिका आवडेल त्यांनी हा चित्रपट चुकवू नये.

दोन्ही मालिकांत एक दुय्यम जोडी आहे. आदाचीचा लेखक मित्र त्सुगे यालाही हीच शक्ती मिळते, आणि पार्सल पोचवणाऱ्या मिनातो नावाच्या नाचणाऱ्या मुलावर त्याचा जीव जडतो. जपानी मालिकेत ही जोडी थोडक्यात आटोपली आहे. थाई मालिकेत जूनियर पनाचाई आणि मार्क पाकिन यांच्या जोडीला बराच अधिक वेळ मिळाला आहे. त्यांची कामे चांगली आहेत, पण त्या वेळेत मुख्य कथेचा दोर सैल पडतो. जपानी मालिकेतल्या फुजिसाकी या सहकारी स्त्रीचा मात्र स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. मूळ चित्रकथेत ती पुरुषांमधल्या प्रेमकथांची चाहती आहे. मालिकेने तिला बदलून, जिला प्रेमप्रकरणाची ओढच नाही आणि जी त्यात सुखी आहे, अशी स्त्री केले. ‘लग्न कधी’ या प्रश्नाला तोंड देणाऱ्या कोणत्याही माणसाला तिच्या वाट्याची ती थोडी दृश्ये फार दिलासा देतात. मूळ चित्रकथेहून दूर जाऊनही मालिका अधिक चांगली झाली, असे हे ठिकाण आहे.

नव्याने केलेली गोष्ट मुळापेक्षा कमी असतेच, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ‘किएता हात्सुकोई’ ही २०२१ ची जपानी मालिका आणि २०२४ ची ‘माय लव्ह मिक्स-अप’ ही तिची थाई आवृत्ती पाहावी. एका खोडरबरावर लिहिलेल्या नावामुळे झालेला शाळेतला गैरसमज ही तिची कथा आहे. गैरसमजाला गडबड आणि गोंगाट मानवतो, म्हणून ती थाई मातीत सहज रुजली. ‘चेरी मॅजिक’ शांततेवर उभी आहे, आणि तिला तिथे तसा ओलावा मिळाला नाही.

एक अडचण दोन्ही मालिकांना सारखीच आहे. मराठी उपशीर्षके नाहीत, आणि इंग्रजी उपशीर्षकांत संबोधने मरतात. जपानी मालिकेत ते दोघे प्रेमात पडल्यावरही एकमेकांना आडनावानेच हाक मारत राहतात. आदाचीच्या तोंडचे ‘कुरोसावा’ पहिल्या भागात परके असते आणि बाराव्या भागात तेच जगातले सर्वांत जवळचे नाव झालेले असते. आपण ‘तुम्ही’ वरून ‘तू’ वर येतो तेव्हा जे घडते, ते इथे शब्द न बदलता आवाजात घडते, आणि ते वाचून कळत नाही. म्हणून इअरफोन लावूनच पाहावे, आणि भाषा समजत नसली तरी कान उघडे ठेवावेत. मनातला आवाज थोडा घुमणारा केला आहे, त्यामुळे बोललेले आणि न बोललेले यांतला फरक लगेच कळतो.

एके रात्री माय डबा घेऊन शेतात आली. सोबत पुतण्या होता. मी मालिका बंद करण्याआधीच ती माझ्याजवळ टेकली आणि पडद्याकडे पाहू लागली. कुरोसावा आदाचीसाठी सकाळचे खाणे मांडत होता. काही वेळाने तिने विचारले, “हा पोरगा त्याच्यासाठी सैपाक करते का?” मी हो म्हटले. “त्याले बायको नाही का?” नाही म्हटले. ती आणखी थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “मंग कोणीतरी पाहिजेच नं,” आणि डबा उघडून भाकर माझ्या पुढ्यात ठेवली. तिला त्या दृश्यात काय दिसले ते मी विचारले नाही. थाई मालिकेतले कोणतेही दृश्य मी तिच्यासमोर इतक्या सहज चालू ठेवू शकलो नसतो, हे मात्र खरे. आणि जपानी मालिकेचा संयम, ज्याला अनेक जण भित्रेपणा म्हणतात, तो एखाद्या घरात कोणत्या कामी येऊ शकतो, हे मला त्या रात्री कळले.

पाहण्याचा क्रम सांगायचा तर आधी जपानी मालिका पाहावी, रोज एक भाग, घाई न करता. सातव्या भागापर्यंत पोचल्याशिवाय मत बनवू नये. मग चित्रपट. त्यानंतर काही दिवस जाऊ द्यावेत आणि थाई मालिका पाहावी, शक्य तर पहिले तीन-चार भाग सैलपणे, आणि दोघांची कबुली झाल्यानंतरचे भाग नीट लक्ष देऊन, कारण तिचे बळ तिथे आहे. डेटा कमी पडत असेल तर जपानी मालिका निम्म्या खर्चात पुरी होते. मी यंदाच्या जागलीला तिचा सातवा भाग मोबाइलवर उतरवून ठेवला आहे, कारण आमच्या शिवारात पहाटे दोननंतर रेंज जाते आणि पाइपाची पुढची पाळी पाचला असते.